चुलीचे गोडवे, चुलीची बुरशी

मराठी साहित्यातली चूल पेटते, धुमसते, विझते, प्रसंगी रुसतेही. साफ मात्र ती क्वचितच होते. तिच्यावर भाकरी फुगते, तिच्यापुढे आई डोळे पुसते, तिच्या उजेडात नायकाला आपले बालपण आठवते. पण सकाळी उठून कोणी तरी त्या चुलीतली राख ओढली असेल, वैलावर ऊतू गेलेले खरवडले असेल, भिंतीवरची काजळी उतरवली असेल, याचा पत्ता आपल्या कथा-कादंबऱ्यांत सहसा लागत नाही. आणि आपल्या समीक्षेत तर तो लागूच नये अशी व्यवस्था आहे. प्रस्तुत लेख त्या व्यवस्थेविरुद्ध आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना भट्टीची साफसफाई काय सांगता, असेही कोणी विचारील. म्हणून आधी भट्टीकडेच जाऊ. साहित्याकडे वळायला वेळ आहे.

१

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले की उरुळी कांचन मागे पडल्यावर दौंड तालुका लागतो. यवत, चौफुला, वरवंड, पाटस, कुरकुंभ. दुसरीकडे अहिल्यानगर रस्त्याने गेले तर शिक्रापूर, रांजणगाव आणि मग घोड नदीकाठचे शिरूर. या दोन्ही रस्त्यांवर आज एक शब्द पाट्यापाट्यांवर रंगवलेला दिसतो : ‘चुलीवरचे’. चुलीवरचे मटण, चुलीवरची भाकरी, चुलीवरचे पिठले. शेजारी लोखंडी पिंप उभे कापून केलेली, जाळी टाकलेली कोळशाची भट्टी असते, एखादी तंदूर असते, पत्र्याच्या आडोशाखाली दोन-तीन मातीच्या चुली असतात. शहरातून आलेला माणूस त्या धुराकडे पाहून हळवा होतो. ज्याच्या घरी गॅसची शेगडी येऊन दोन पिढ्या झाल्या, त्यालाच चुलीचा उमाळा सर्वांत जास्त येतो.

आता या भट्टीचे वर्षचक्र पाहा. आषाढ अमावास्येच्या आधीचे काही दिवस म्हणजे सामिष खाण्याची चंगळ. श्रावण लागायच्या आत सगळ्यांना खाऊन घ्यायचे असते. जाळीवर, पिंपाच्या आतल्या अंगावर, राख पडते त्या तळाच्या पत्र्यावर चरबीचे थरावर थर बसतात. मग श्रावण लागतो. पुष्कळ घरांत मांस वर्ज्य होते, आणि ते पुढे गणपती उठेपर्यंत वर्ज्यच राहते. गिऱ्हाईक ओसरते, मागच्या आडोशाखालची भट्टी थंड पडते. दौंड-शिरूर हा पर्जन्यछायेतला मुलूख. इथे कोकणासारखी झड लागत नाही. पण बुरशीला झड लागत नाही. तिला ओल, ओशटपणा आणि माणसाचे दुर्लक्ष एवढे पुरते. तळाशी राहिलेली राख हवेतले पाणी ओढून घेते, तिचा चिखल होतो, तो पत्र्याला चिकटून लोखंड खातो. वर चरबीच्या थरावर आधी पांढरे, मग हिरवट, मग काळे ठिपके उठतात. भाद्रपद सरता सरता भट्टी पुन्हा उघडली जाते, तेव्हा तिच्यात डोकावणारा माणूस बहुधा मालक नसतो आणि गिऱ्हाईक तर नसतेच. भांडी घासायला ठेवलेली बाई किंवा कामाला लागलेला कोवळा पोरगा असतो. त्याला सांगण्यात येते, ‘जाळ लाव, सगळे जळून जाईल.’

इथेच पहिली गफलत आहे. जाळाने बुरशी मरते, हे खरे. पण काही बुरश्यांनी मागे सोडलेली विषे रांधण्याच्या आचेने सहजासहजी नष्ट होत नाहीत. शेंगदाण्यावरच्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. शिवाय ज्या चरबीवर ती बुरशी वाढली तो थर तसाच ठेवून मोठा जाळ केला तर चरबीच पेट घेते आणि समोर बसलेल्याचे हात-तोंड भाजते. म्हणून क्रम उलटा हवा. आधी नाका-तोंडाला फडके. मग थोडे पाणी शिंपडायचे, कारण कोरडी बुरशी झाडली की तिची भुकटी उडून छातीत जाते. मग राख आणि भिजलेला जुना कोळसा काढून टाकायचा. तो कोळसा पुन्हा वापरायचा नाही. मग उलथण्याने चरबीचा थर खरवडायचा, खरवड कागदावर घेऊन दूर टाकायची. त्यानंतर जाळ, चांगला तासभर, वर काही न शिजवता. भट्टी निवली की धुण्याचा सोडा घातलेले कढत पाणी, राख आणि नारळाचा काथ्या. तारेचा ब्रश वापरलाच तर नंतर जाळी ओल्या फडक्याने पुसून काढायची, कारण त्याचे तुटलेले तारेचे तुकडे जाळीला अडकतात आणि तिथून मांसात व माणसाच्या घशात जातात. संडास धुण्याचे ॲसिड आणि कपड्यांचे ब्लीच एकत्र करण्याचा आततायीपणा तर मुळीच नको. त्यातून निघणारा क्लोरीन वायू जिवावर बेततो. शेवटी उन्हात वाळवून लोखंडाला तेलाचा पातळ हात आणि पुन्हा मंद आच. मातीची चूल असेल तर ओल धरलेला वरचा पापुद्रा काढायचा, नवी माती लावायची, सारवायचे, आणि पूर्ण वाळल्यावर लहान जाळापासून सुरुवात करायची.

एवढे सगळे नीट करायचे तर एका माणसाचा दिवस जातो. पाटीवर ‘चुलीवरचे’ लिहिणाऱ्याने त्या दिवसाचा रोज धरलेला असतो काय? त्या शब्दासाठी चार पैसे जास्त मोजणाऱ्याच्या मनात तो दिवस येतो काय? माझा मुद्दा इथून सुरू होतो.

२

एक जुना आणि लाडका युक्तिवाद असा : काळवंडलेल्या भट्टीतच खरी चव असते, घासून-पुसून लखलखीत केली तर चव गेली. हा युक्तिवाद अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच तो पुरा घातक आहे. लोखंडी तव्यावर, काहिलीवर, जाळीवर वर्षानुवर्षे तेल आणि आच यांनी जो गुळगुळीत, काळा, घट्ट लेप बसतो तो हवाच असतो. तो गंजू देत नाही, पदार्थ चिकटू देत नाही. पण लेप वेगळा आणि मळ वेगळा. लेप नखाने निघत नाही, त्याला वास नसतो. मळ ओशट असतो, पापुद्र्याने सुटतो, त्याला खवट वास असतो, आणि बुरशी वाढते ती त्याच्यावर. भट्टीवरच्या मांसाला येणारा स्वाद ताज्या निखाऱ्यावर पडणाऱ्या ताज्या चरबीच्या धुराचा असतो. मागच्या आषाढातल्या चरबीचा नव्हे. लेप आणि मळ यांतला भेद घासणाऱ्या बाईच्या बोटांना कळतो. न घासणाऱ्याला दोन्ही काळेच दिसतात, आणि तो दोघांनाही ‘परंपरा’ म्हणतो.

आता इथे साहित्याचा अभ्यासक लगेच सुखावेल. त्याला रूपक सापडले! परंपरेतला लेप कोणता आणि मळ कोणता, यावर तो शोधनिबंध लिहू शकेल. माझी त्याला कळकळीची विनंती आहे की त्याने तसे करू नये. चुलीचे रूपक करण्याची ही घाईच आमच्या समीक्षेचा मूळ रोग आहे. चूल दिसली की आम्ही तिला मातृत्व म्हणतो, त्याग म्हणतो, कृषिसंस्कृती म्हणतो, देशीपण म्हणतो. यातले काहीही म्हटले की एक सोय होते : ती कोणी साफ केली हे विचारावे लागत नाही.

ग्रामीण साहित्याच्या चर्चेकडे पाहा. आनंद यादवांचे ‘ग्रामीण साहित्य : स्वरूप आणि समस्या’ १९७९ साली आले. त्यानंतर या विषयावर चर्चासत्रे, प्रबंध, क्रमिक पुस्तके यांची रीघ लागली. भाषा, बोली, निसर्ग, शेती, बदलते खेडे, जातवास्तव अशी त्यांची प्रकरणे ठरून गेली. पण त्या खेड्यातल्या रोजच्या झाडलोटीचे, सारवणाचे, घासण्याचे काम ज्यात मोजले आहे असे प्रकरण विद्यार्थ्याला सहसा लिहू दिले जात नाही. ‘ग्रामजीवनाचे चित्रण’ या शीर्षकाखाली जात्यावरची ओवी येते. दळण संपल्यावर जाते पुसणारा हात येत नाही.

भाषेने मात्र हे काम लपवलेले नाही. तिने ते हिणवले आहे. ‘पोतेरे’ म्हणजे चूल आणि जमीन सारवण्याचे फडके. ज्याच्यामुळे स्वयंपाकघर राहण्याजोगे होते त्या वस्तूचे नाव आपण कशासाठी वापरतो? ‘माझे पार पोतेरे केले’ असे म्हणण्यासाठी. केरसुणीला आश्विन अमावास्येच्या संध्याकाळी लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहतो आणि उरलेले वर्षभर पाहुण्यांना दिसू नये म्हणून दाराआड उभी करतो. आणि ‘गुऱ्हाळ’? साहित्यिकांच्या तोंडी हा शब्द ‘चर्चेचे गुऱ्हाळ’ या एकाच जोडीने येतो. म्हणजे निष्फळ, लांबलेली बडबड.

ज्यांनी हा वाक्प्रचार रूढ केला त्यांनी दौंड तालुक्यातल्या राहू-केडगावच्या बाजूचे एखादे खरे गुऱ्हाळ जरूर पाहावे. तिथे बडबडीला सवड नसते. चिपाडांचा जाळ कमी-जास्त झाला, मळी वेळेवर काढली गेली नाही, काहील नीट घासलेली नसली, तर आधण करपते आणि सगळी ढेप काळी पडते. पावसाळ्यात बंद पडलेले गुऱ्हाळ पुन्हा लावताना चुलवणातली राख आणि माती उपसावी लागते, काहिलीचा गंज आणि आतल्या अंगाला धरलेला आंबूस थर घासून काढावा लागतो. साखरेच्या पाकाचा थर हा बुरशीला चरबीहूनही आवडता. गुळव्याच्या हातगुणाचे सगळे कौतुक करतात आणि त्यात वावगे काही नाही. पण चुलवणात वाकून राख उपसणारा, पुष्कळदा परप्रांतातून आलेला मजूर त्या कौतुकात नसतो. निष्फळ बडबडीला गुऱ्हाळ म्हणणे हा या माणसाचा अपमान आहे. तो आपल्या लक्षातही येत नाही, इतका तो आपल्या मराठीत मुरला आहे.

३

एक आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. तो असा : स्वच्छतेची भाषा या समाजात निरागस नाही. ‘तुम्ही घाणेरडे’ असे म्हणूनच माणसांना गावाबाहेर ठेवले गेले. मग रस्त्याकडेच्या गरीब खानावळीला स्वच्छतेचे धडे देणे म्हणजे जुन्याच शस्त्राला नवी धार लावणे नव्हे काय?

आक्षेप अगदी योग्य आहे. पण तो ज्याच्यावर आहे ती गोष्ट स्वच्छता नव्हे, ती शुद्धी. आपण या दोहोंत पिढ्यान्‌पिढ्या गल्लत केली आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन ज्यांनी वाचले असेल त्यांना हा भेद समजावून सांगावा लागणार नाही. बाहेरून आलेला जिन्नस, अगदी मीठसुद्धा, धुऊन घेण्यापर्यंत मजल गेलेले ते सोवळे होते. त्यात पाणी अमाप होते, श्रम अमाप होते, ते घरातल्या बायकांचे होते, आणि त्या साऱ्याचा आरोग्याशी काडीचा संबंध नव्हता. शुद्धी विचारते, कोणाचा स्पर्श झाला? स्वच्छता विचारते, काय साचले आहे आणि ते कशाने निघेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर माणूस दूर करण्यात असते, दुसऱ्याचे मळ दूर करण्यात. शुद्धीचा आग्रह धरणारा स्वतः हात लावत नाही. स्वच्छता हात लावल्याशिवाय होत नाही.

हा भेद कोणी कृतीने दाखवला असेल तर तो गाडगेबाबांनी. हातात खराटा घेऊन आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात गावाला प्रश्न विचारायचे, हा त्यांचा क्रम होता. आपण त्यांच्या नावाने २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान चालवले, विद्यापीठाला त्यांचे नाव दिले. त्यांच्या कीर्तनाची भाषा अभ्यासक्रमात आणली, तिच्यावर संशोधन केले, हे चांगलेच झाले. पण खराटा वर्गाबाहेर ठेवला. झाडणे हा त्या कीर्तनाचा पूर्वार्ध होता, रात्री विचारलेल्या प्रश्नांना दिवसाच्या कामाने आलेला अधिकार होता, असे आपण शिकवत नाही. झाडणे ‘चरित्रात’ जाते आणि बोलणे ‘वाङ्मयात’. ही विभागणी कोणी केली? ज्यांना झाडावे लागले नाही त्यांनी.

याच दौंड तालुक्यातल्या केडगावचे उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन तिथे उभे राहिले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, दुष्काळाच्या वर्षांत. त्याआधी १८८२ साली त्यांचे ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले होते. त्याच साली ताराबाई शिंद्यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ही आले, आणि आजच्या अभ्यासक साहजिकच ताराबाईंच्या धारेकडे ओढल्या जातात, कारण रमाबाईंच्या त्या पुस्तकात स्त्रियांना गृहकृत्यांचा उपदेश आहे आणि तो आज जुनाट वाटतो. वाटो. पण पुढे केडगावला काय घडले ते पाहा. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि बाया तिथे शेती, विणकाम, छपाई शिकल्या. रमाबाईंच्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे त्यांच्या हातांनी जुळवले. रांधणे, धुणे, झाडणे ही कामेही त्यांचीच होती. त्या आवारात हाताचे काम आणि अक्षराचे काम एका छपराखाली होते. मराठी वाङ्मयेतिहासाने त्यातले अक्षर तेवढे उचलले, आणि तेही बरेचसे अनिच्छेने.

अपवादांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली. त्यांत घरातले आणि शेतातले काम कामाच्याच नजरेने पाहिलेले आहे. दलित आत्मकथनांत, विशेषतः बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, ऊर्मिला पवार यांच्या लेखनात, राख आणि उकिरडा, शिळे आणि वाळलेले, खरवडणे आणि चाटणे हे सारे आहे, आणि त्यांपैकी कशाचेही प्रदर्शन नाही. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) हे तर शीर्षकापासूनच आपल्या अन्नविषयक सोवळ्याला हात घालते. पण या पुस्तकांवर आपण काय लिहितो? वेदना, विद्रोह, अस्मिता. हे शब्द खोटे नाहीत. पण ते इतक्या चटकन येतात की त्या पुस्तकांतली कामे, त्यांची साधने, त्यांना लागणारा वेळ, त्यांतले कसब यांच्याकडे पाहण्याआधीच परीक्षण संपते. बाईचे दुःख आम्हांला वाचता येते. तिचे काम वाचता येत नाही.

४

मग करायचे काय? अध्यापकांपुढे मी तीन साध्या मागण्या ठेवतो.

एक, पाठातल्या प्रत्येक चुलीबद्दल वर्गात एकदा तरी विचारा : ही कोणी पेटवली आणि नंतर कोणी साफ केली? लेखकाने सांगितले नसेल तर का सांगितले नाही? हा प्रश्न समाजशास्त्राचा म्हणून झटकू नका. कथनात काय गाळले गेले हा प्रश्न शंभर टक्के वाङ्मयीन आहे.

दोन, शब्द गोळा करवा. वैल, भानोशी, चुलवण, काहील, मळी, पोतेरे, खरवड हे शब्द कोशांत आहेत; पण शिरूर-दौंडच्या महाविद्यालयांत बसलेल्या मुलामुलींपैकी कित्येकांच्या घरी ते अजून तोंडात आहेत. त्यांना ते ‘प्रमाण’ नव्हेत म्हणून निबंधात लिहायची लाज वाटते. ही लाज आपण शिकवली आहे. शब्दासोबत कृतीही लिहून घ्या : काय, कशाने, किती वेळ, कोण. नुसती यादी केली तर तिचेही लोणचे होईल.

तीन, आपल्या ‘चुलीवरच्या’ जिभेला लगाम घाला. यवतला तुकोबांची पालखी मुक्कामी येते तेव्हा वारकऱ्यांसाठी पिठले-भाकरीचा बेत असतो. त्यावर दर आषाढात हृद्य स्फुटे लिहिली जातात. लिहा. पण पालखी वरवंडकडे मार्गस्थ झाल्यावर यवतला जे उरते त्यावरही एखादे स्फुट येऊ द्या. बुडाला लागलेले पिठले आणि काळ्या कढया माउली-माउली म्हणत स्वच्छ होत नाहीत.

अन्नसुरक्षेचा कायदा २००६ साली झाला, २०११ पासून तो लागू आहे, आणि भांडी-भट्ट्या स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी त्याच्या नियमांनी धंदेवाल्यावर टाकली आहे. तेव्हा हे काम साहित्याचे नव्हे, निरीक्षकाचे, असे कोणी म्हणेल. भट्टी तपासणे निरीक्षकाचेच काम आहे. पण भट्टी साफ करण्याच्या दिवसाचा रोज द्यायला हवा, त्या बाईला फडके आणि हातमोजे द्यायला हवेत, तिच्या कामाला कसब म्हणायला हवे, ही जाणीव कायद्याच्या पोटनियमात नसते. ती भाषेत असते किंवा कुठेच नसते. आणि भाषेची राखण करण्याचा दावा तर आपण करतो. जी भाषा पोतेरे हा शब्द शिवीसारखा वापरते, तिच्या जेवणाऱ्यांना भट्टीमागे बसलेली बाई दिसेल कशी?

चुलीवर प्रेम करणाऱ्यांशी माझे भांडण नाही. भाकरी चुलीवरची खरोखरच चांगली लागते. फक्त इथून पुढे चुलीचे गोडवे गाणाऱ्या प्रत्येक लेखकाने आणि ते गोडवे शिकवणाऱ्या प्रत्येक अध्यापकाने श्रावणानंतर उघडलेल्या एका भट्टीपुढे दिवसभर बसावे. हातात उलथणे आणि काथ्या घेऊन. टिपणवही घेऊन नव्हे. त्यानंतर जे लिहिले जाईल ते आम्ही आवडीने वाचू.